म्हैस हसत नाही : स्वतःशी बोलत कन्नड शिकण्याच्या नोंदी

२ जून

वही जुनीच आहे. पुढून एक्सपायरीच्या नोंदी, मागून आता कन्नड.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं आमचं मेडिकल लहान आहे, पण आजूबाजूला दवाखाने भरपूर. त्यामुळे संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी, अथणी अशा सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतली माणसं रोज येतात. बहुतेकांना मराठी येतं. ज्यांना येत नाही ती म्हातारी असतात, आणि औषध नेमकं त्यांचंच असतं. गेल्या आठवड्यात एका आज्जीला मी चिठ्ठीवरचं १-०-१ समजावून सांगत होते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग तिनं काहीतरी विचारलं, त्यातला 'गुळिगे' एवढा एकच शब्द मला कळला. मुलगा गाडी लावून आत आला तेव्हा उलगडा झाला. गोळ्या दुधातून घ्यायच्या का, असं ती विचारत होती. म्हणजे इतका वेळ मान हलत होती ती भिडेखातर.

क्लासला जायला वेळ नाही, दुकान सकाळी नऊ ते रात्री दहा. घरात कन्नड बोलणारं कुणी नाही. म्हणून ठरवलंय की शंभर दिवस स्वतःशीच कन्नड बोलायचं आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. ९ सप्टेंबरला शंभर भरतात.

३ जून

नियम तीनच. सकाळी चहा करताना जे करतेय ते कन्नडमध्ये बोलत करायचं. रात्री शटर ओढल्यावर दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्डिंग, विषय कुठलाही. अडलं तर थांबायचं नाही, अडलेला शब्द मराठीत म्हणून पुढं जायचं आणि नंतर शोधायचा.

चौथा नियम कामाचा आहे, अभ्यासाचा नाही. डोस कन्नडमध्ये सांगायचा नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते, तसंच चालू राहील. माझ्या प्रयोगापायी कुणाची गोळी चुकायला नको.

६ जून

नानु नीरु हाकुत्तेने. नानु सक्करे हाकुत्तेने. नानु हालु हाकुत्तेने. पाणी घालते, साखर घालते, दूध घालते. बालवाडीतल्यासारखं वाटतं, पण तीन दिवसांत 'हाकुत्तेने' तोंडात बसलं.

यात एक गंमत आहे. 'नानु होगुत्तेने' म्हणजे मी जाते किंवा मी जातो, दोन्ही. 'मी'च्या क्रियापदाला कन्नडमध्ये लिंगच नाही. कोल्हापूरच्या बायकांना हे अंगवळणी पडायला वेळ लागू नये. आम्ही बोलताना सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतो. लिहिताना तेवढी शाळा आठवते आणि 'येते, जाते' होतं. निर्जीव वस्तूंनाही लिंगाची भानगड नाही. खुर्ची, पंखा, टेबल सगळं एकाच पंगतीत. मराठी शिकणाऱ्या कन्नड माणसाचे काय हाल होत असतील, ते आज पहिल्यांदा लक्षात आलं.

पण पातेल्यावर झाकण ठेवायची वेळ आली आणि गाडी थांबली. झाकण? चिमटा? बसस्टँडवर घेतलेल्या पुस्तकात रेल्वे स्टेशन आहे, पोस्ट ऑफिस आहे, 'आपले शुभनाव काय' आहे. झाकण नाही. झाकणाला 'मुच्चळ' आणि सांडशीला 'इक्कळ', हे संध्याकाळी गोळ्यांची खोकी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं. हे दोन शब्द आता मी विसरणार नाही. पुस्तकातले शब्द आपण शिकायचे म्हणून शिकतो. हे दोन अडले म्हणून मिळाले, त्यांची जागा आधीच रिकामी होऊन बसली होती.

९ जून

सासूबाईंनी आज विचारलंच. "सकाळपासून एकटीच काय बडबडालीस गं?"

सांगितलं. त्यांना पटलं नाही. मी म्हटलं, "तुम्हीही रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणताच की. ते मनाशीच बोलणं झालं." त्या म्हणाल्या, "ते समर्थांनी लिहून ठेवलंय, मी नुसतं म्हणते. तू तुझ्या मनानं जोडालीस. उद्या कोण ऐकलं तर?"

त्यांनी सहज बोलून टाकलं, पण फरक बरोबर पकडला. दोनशे पाच श्लोक पाठ असले तरी आपलं एक वाक्य त्यात नसतं. पाठांतरात जीभ फिरते. स्वतःशी बोलताना वाक्य कुठून सुरू करायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी आजवर संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी असंच शिकले, म्हणून दाखवून. शाळेत दहावीपर्यंत इंग्रजी होतं, पण इंग्रजीत एकटी कधी एक शब्द बोलले नाही.

१४ जून

रविवार, दुकान अर्धा दिवस. वाचत बसले.

मुलं खेळताना एकटीच बोलतात, याचा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेनं १९२३ मध्ये असा अर्थ लावला की मूल अजून स्वतःपुरतं आहे, दुसऱ्याच्या जागी जाऊन बोलणं त्याला जमत नाही. मोठं झालं की हे बोलणं गळून पडतं. लेव्ह व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं ते उलटं केलं. त्याच्या मते ते बोलणं गळून पडत नाही, आत जातं. आधी मूल दुसऱ्याशी बोलतं, मग स्वतःशी मोठ्यानं, मग पुटपुटत, आणि शेवटी ओठ न हलवता. आपण ज्याला विचार करणं म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे हे आत गेलेलं बोलणं. व्हिगोत्स्की १९३४ मध्ये क्षयानं गेला, सदतिसाव्या वर्षी. त्याचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी आलं.

त्याचा एक साधा प्रयोग मला फार आवडला. मुलं चित्र काढायला बसली की त्यांच्यापुढे मुद्दाम अडचण उभी करायची. हवी ती पेन्सिल ठेवायची नाही, कागद कमी द्यायचा. अडचण आली की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळपास दुप्पट व्हायचं. म्हणजे ती बडबड करमणुकीची नव्हती, तिच्या आधारानं मूल वाट काढत होतं.

लेक शेजारीच गणितं सोडवत होती. सेमी इंग्रजीला आहे, पाटीवर सगळं इंग्रजी. गुणाकार आला की मात्र ओठ हलायला लागले आणि कानावर आलं, "साती आठी छप्पन". उत्तर लिहिताना पुन्हा 'फिफ्टी सिक्स'. मी काही बोलले नाही, नाहीतर ती लाजून गप्प झाली असती.

२१ जून

तीन आठवड्यांची रेकॉर्डिंग ऐकली. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच आहे. पण काही गोष्टी दिसल्या.

मी खरं तर दोन भाषांत बोलतेय. सांगायचं ते कन्नडमध्ये, आणि त्याच्यावरचे शेरे मराठीत. "नानु इवत्तु... अगं काय ते... इवत्तु बेळिग्गे... नाही नाही, आधी वेळ का दिवस?... बेळिग्गे अंगडिगे होदे." आज सकाळी दुकानात गेले, एवढं सांगायला मधे मराठीत मुकादमी चालू आहे. ढिगारा कन्नडचा, खराटा मराठीचा. परकी भाषा शिकणाऱ्यांच्या अशा बोलण्याच्या अभ्यासांतही हे वारंवार दिसलंय की कामाला लावणारा, दटावणारा आवाज बराच काळ मातृभाषेतच राहतो.

दुसरं, मी एकच साचा धरून शब्द बदलत राहते. नीरु बेकु, हालु बेकु, चहा बेकु, चहा बेडा, साकु. बेकु म्हणजे हवं, बेडा नको, साकु पुरे. हे कुणी शिकवलं नव्हतं. मग रूथ वीअर या भाषाशास्त्रज्ञबाईंबद्दल वाचलं. त्यांनी आपल्या अडीच वर्षांच्या मुलाच्या पाळण्याजवळ टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. दिवा मालवल्यावर तो पोरगा एकटाच वाक्यं उलटीसुलटी करायचा, एक शब्द काढून तिथं दुसरा घालायचा. ते संशोधन १९६२ मध्ये छापून आलं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि शटर ओढून तेच करतेय.

तिसरं म्हणजे व्याकरण अनेकदा आयतं मिळतं. 'ननगे कन्नड बरुत्तदे', मला कन्नड येतं. अगदी आपल्यासारखंच 'मला' आणि 'येतं'. 'ऊट आयिता?' म्हणजे जेवण झालं का? शब्द बदलले की वाक्य उभं. हजारभर वर्षांची शेजारीण आहे, दोघींनी एकमेकींच्या घरातून काय काय नेलंय ते आता ओळखू येत नाही. आपलं तूप, आपली अक्का, आपला अण्णा, आपला अडकित्ता. फक्त 'आपण'च्या बाबतीत आपण श्रीमंत. आम्ही वेगळं, आपण वेगळं. आजच्या कन्नडमध्ये दोन्हीला 'नावु'. त्यामुळे "आम्ही देवळात चाललोय" आणि "आपण देवळात जाऊ या" यातला आमंत्रणाचा धागा माझ्या कन्नडमध्ये तुटतो.

२७ जून

लाइट नाही, मोबाइल बंद पडत आलेला. अंधारात बसून बोलले, रेकॉर्डिंग नाही. बरं वाटलं.

५ जुलै

चिकोडीला मावशीकडे. सीबीएसवरून, म्हणजे मुख्य बसस्टँडवरून, निपाणीची लाल बस धरली. कोगनोळीचा नाका मागं पडला की पाट्यांची लिपी बदलते आणि उगीचच परदेशात आल्यासारखं वाटतं, शेतातला ऊस मात्र तोच.

पुढच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या. एकीनं विचारलं की दुसरी उत्तर द्यायच्या आत माझं उत्तर मनात तयार. "मगळु एल्लि इद्दाळ?" मुलगी कुठं असते? मी खिडकीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत, "कोल्हापुरदागे". एमी ओहता या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अंगावर माइक लावून वर्ग रेकॉर्ड केले होते, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वर्गातल्या बाईंनी एकाला प्रश्न विचारला की बाकीची मुलं कुजबुजत त्याचं उत्तर देत, बरोबर उत्तर आलं की आपलं सुधारून घेत. समोरून बघणाऱ्याला ही मुलं गप्प बसलेली दिसायची. माझ्या शेजारच्या काकांनाही मी झोपेत बडबडतेय असंच वाटलं असणार, ते जरा सरकून बसले.

रात्री झोप येईना. दिवसभर ऐकलेलं कन्नड डोक्यात फिरत होतं, अर्थ न लागलेले तुकडेसुद्धा, लग्नघरातून आल्यावर कानात वाजंत्री राहते तसं. एलिझाबेथ बार्बर या भाषाभ्यासकांनी रशियाच्या प्रवासानंतर डोक्यात असाच रशियनचा गोंगाट सुरू झाल्याचं १९८० मध्ये लिहिलंय, आणि भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेननं तो धागा धरून म्हटलं की हा गोंगाट म्हणजे आत भाषा रुजतेय याची खूण. असेल. मला मात्र झोप हवी होती.

६ जुलै

मावशी मूळची कागलची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चिकोडीजवळच्या वस्तीवर आली तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. सासरी सगळे घरात कन्नडच बोलायचे. हिनं तोंड उघडलं की दीर-नणंदा हसायच्या. म्हणून तोंडच उघडेना.

"मग शिकलीस कशी?"

"गोठ्यात. सकाळी धार काढताना म्हशीशी कन्नड बोलायची. आदल्या दिवशी सासूबाई काय काय बोलल्या ते सगळं तिला सांगायची. म्हैस हसत नाही गं."

सहा-सात महिने घरात मुकी आणि गोठ्यात वाचाळ. मग एक दिवस सासऱ्यांनी काहीतरी विचारलं आणि हिनं आख्खं वाक्य बोलून उत्तर दिलं. घरच्यांना वाटलं, पोरगी एका रात्रीत शिकली.

मावशीला हे सांगितलं नाही, पण ही गोष्ट अमेरिकेतही घडलेली आहे. म्युरियल सॅव्हिल-ट्रॉइक या भाषाशास्त्रज्ञबाईंनी चिनी, जपानी, कोरियन मुलांना इंग्रजी वर्गात पाहिलं होतं. नव्या भाषेत पडलेली काही मुलं कित्येक आठवडे कुणाशी बोलतच नाहीत, शिक्षकांना वाटतं ती अडकलीत. यांनी मुलांच्या कपड्यांना बिनतारी माइक लावले. गप्प मुलांपैकी बरीचशी हळू आवाजात सतत बोलत होती. ऐकलेलं पुन्हा म्हणत होती, शब्द बदलून बघत होती, पुढं काय बोलायचं त्याची तालीम करत होती. हे १९८८ चं संशोधन, मावशीचा गोठा त्याच्याही आधीचा.

आणि म्हैस का लागते, भिंत का चालत नाही? याचाही धागा व्हिगोत्स्कीकडे मिळतो. त्यानं स्वतःशी बोलणाऱ्या मुलांना मूकबधिर मुलांमध्ये किंवा वेगळीच भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवून पाहिलं. आपलं कुणाला कळतच नाहीये हे जाणवलं की मुलांचं स्वतःशी बोलणंही आटायचं. एकट्याच्या बोलण्यालाही कुणीतरी ऐकतंय असा भास लागतो. मी इतके दिवस मोबाइलला सांगत होते. उद्यापासून त्या दुधवाल्या आज्जीला सांगणार.

९ जुलै

फरक पडला. आज्जी समोर आहे असं धरलं की वाक्य आपोआप प्रश्नाचं होतं, "अज्जी, होट्टे नोवु इदेया?" पोटात दुखतं का? आधी माझी सगळी वाक्यं 'मी हे करते, मी ते करते' अशीच होती. महिन्याभरात मी एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं!

१७ जुलै

आज पितळ उघडं पडलं.

दुपारी संकेश्वरकडचे एक आज्जा आले. पटका, धोतर, दोन्ही भाषा सफाईदार. गिऱ्हाईक कमी होतं, म्हटलं धीर करावा. चिठ्ठी द्या, एवढंच तर म्हणायचं होतं. दीड महिना रोज घोकलेलं वाक्य. "चीटी कोड्री."

आज्जा माझ्याकडे बघतच राहिले. मग पोट धरून हसायला लागले. "यव्वा, बेंदूर झाला की परवाच! आता शिंगं कशाला मागालीस?"

'दे' म्हणायला जो 'कोडु' आहे त्यातला ओ आखूड. तोच लांबवला की 'कोडु' म्हणजे शिंग. मी लांबवत होते, म्हणून आज्जांना बैलांचा सण बेंदूर आठवला. आपल्या मराठी कानाला आखूड ओ माहीतच नाही. ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ यांच्यावरून शाळेत मार खाल्ला, पण ए आणि ओ आपल्याकडे एकाच मापाचे. आज्जांनी काउंटरवर बोट आपटून मला दहा वेळा म्हणायला लावलं. आखूड ओ, एक टिचकी. लांब ओ, दोन. दुकानातला पोरगा शेल्फमागं तोंड लपवून हसत होता.

१८ जुलै

रेकॉर्डिंग मागं जाऊन तपासली. ४ जूनपासून १६ जुलैपर्यंत शिंगच. रोज, मन लावून, स्पष्ट उच्चारात. एकटीनं बोलल्यामुळे चूक सुधारली तर नाहीच, घोटून घोटून पक्की झाली.

यातला बराचसा दोष वहीचा. मी कन्नड देवनागरीत लिहितेय आणि देवनागरीच्या मात्रेत ही आखूड-लांब तफावत मावत नाही. बेळे म्हणजे पीक की बेळे म्हणजे डाळ? वहीत दोन्ही सारखेच. कन्नड लिपीत दोन्ही ए-ला आणि दोन्ही ओ-ला वेगळी अक्षरं आहेत. मी कष्ट वाचवायला लिपी टाळली आणि त्याबरोबर दोन स्वरही टाळले.

मेरिल स्वेन या कॅनडातल्या भाषातज्ज्ञबाईंनी १९८५ मध्ये मांडलेला मुद्दा आता नीट कळला. कॅनडात फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेली इंग्रजी बोलणारी मुलं फ्रेंच ऐकून उत्तम समजत, बोलताना मात्र व्याकरणात अडखळत. क्रॅशेन म्हणत होता की समजेल असं भरपूर ऐका, बोलणं मागून येईल. स्वेन म्हणाल्या, बोलल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते कळतच नाही. माझं झाकण आणि चिमटा हा त्याचाच दाखला. पण 'येत नाही' हे कळणं वेगळं आणि 'चुकीचं येतं' हे कळणं वेगळं. पहिल्यात जीभ थांबते. दुसऱ्यात ती झरझर चालते, अगदी समाधानानं. ते थांबवायला हसणारा माणूसच लागतो.

नियम बदलले. दर रविवारी एक रेकॉर्डिंग मावशीला व्हॉट्सॲपवर. वहीत आखूड ए-ओ खाली लाल ठिपका. आणि रोज पाच कन्नड अक्षरं.

२६ जुलै

पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर. खालच्या भागातली माणसं आठवड्याची औषधं एकदम न्यायला येतायत, बीपी आणि शुगरची सगळ्यात जास्त. चार दिवस कन्नडचा एक शब्द नाही. फक्त एकदा, दूध उतू जाताना, 'हालु उक्क...' असं सुरू केलं आणि दूध गॅसवर. गॅस बंद कर हे मात्र मी स्वतःला मराठीतच ओरडून सांगितलं.

४ ऑगस्ट

मोजण्याचा प्रयोग. हा सगळ्यात अवघड जातोय.

कन्नड आकडे मराठीपेक्षा सरळ आहेत. आपल्याकडे एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो; एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, बावन्न आणि बासष्ट यांच्यात परक्याची तर फसगतच. कन्नडमध्ये वीस 'इप्पत्तु', मग इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, सरळ इप्पत्तोंबत्तुपर्यंत. वीस-एक, वीस-दोन, वीस-नऊ. कुणालाही अर्ध्या तासात येतील. मलाही आले, नुसते म्हणायचे असतील तर.

पण स्ट्रिपा मोजायला घेतल्या की बारा-तेराला जीभ आपोआप मराठीवर घसरते. घसरले हेही पंधरा-सोळाला कळतं. जोर लावून कन्नडमध्येच राहिले तर आकडा बरोबर येतो पण हातात किती स्ट्रिपा झाल्या त्याचा पत्ता राहत नाही. दोन भाषा येणारी माणसंसुद्धा मनातला हिशेब बहुधा पहिल्यांदा ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत करतात. लेकीचे साती आठी छप्पन आठवले. सासूबाई अजून भाजीवाल्याचा हिशेब पावकी-निमकीत करतात, आणि माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी.

१० ऑगस्ट

मावशीचं उत्तर आलं, चार मिनिटांचं. तीन मिनिटं घरच्या बातम्या. मग, "तू पुस्तकातलं बोलतीस. 'इदे, इदे' काय करतीस? 'आहे'ला इकडं 'ऐति' म्हण. 'बरुत्तदे' नाही, 'बरतैति'. तुझं कन्नड बेंगळूरच्या टीव्हीसारखं वाटतं."

म्हणजे पुन्हा आत बसलेलं सगळं उपटायचं. मात्र हे 'कोडु'सारखं नाही, ही चूक नव्हे. कोल्हापुरात कुणी पुण्याचं मराठी बोललं तर चूक कुठं असते? तरी गिऱ्हाईक जरा अंतर ठेवूनच बोलतं.

२४ ऑगस्ट

कोडु सुधारलं की नाही? रेकॉर्डिंगमध्ये दहातले आठ आखूड. उरलेले दोन मी घाईत असते तेव्हाचे. गंमत अशी की चूक होण्याच्या आधी बारीक 'टक' ऐकू येतं. मी नकळत टेबलावर बोट आपटतेय. आज्जांची टिचकी. त्यांनी बाहेरून लावलेलं वळण आता माझं मीच मला लावतेय, आणि त्यांना याचा पत्ताही नाही.

३१ ऑगस्ट

दुधवाली आज्जी परत आली! मुलगा बरोबर नव्हता. मी पाकिटावर सूर्य-चंद्र काढले आणि पहिल्यांदाच नियम थोडा वाकवला. "अज्जी, ऊट आदमेल. हाल बेडा, नीर." जेवल्यावर, दूध नको, पाणी. मग तिला तेच परत सांगायला लावलं, आणि पोरग्याकडून मुलाला फोन लावून मराठीतही सांगून टाकलं. आज्जीनं सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी काहीतरी लांबलचक बोलली. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी मान हलवली.

तिच्या लक्षात आलं. हसली आणि पुन्हा हळूहळू बोलली. सुनेच्या बाळंतपणाबद्दल होतं.

जवळजवळ दोन महिने रात्री मी तिच्याशीच बोलत होते. खरी आज्जी माझ्या मनातल्या आज्जीपेक्षा बरीच भरभर बोलते.

७ सप्टेंबर

रेकॉर्डिंग ओस पडत चाललीत. जूनमध्ये दहा मिनिटं भरून बोलणं असायचं, आता मधेमधे शांतता. आधी वाटलं, कंटाळा आला. नीट ऐकल्यावर दिसलं की चहा, दुकान, पाऊस असल्या सोप्या गोष्टींत मी गप्प होते, आणि बिलाचा घोळ, नणंदेचं रुसणं असलं अवघड आलं की पुन्हा मोठ्यानं सुरू. चहाचं कन्नड आत गेलं असावं. सकाळी गॅससमोर ओठ हलत नाहीत. पण आज साखरेचा डबा बंद करताना मनात 'साकु' आलं आणि मागोमाग 'पुरे' आलं नाही. सासूबाईंना वाटतंय, सून सुधारली.

९ सप्टेंबर

शंभरावा दिवस. संध्याकाळी स्टॉकिस्टकडून माल आला, बिलावर तीस स्ट्रिपा. पोरगा रजेवर, मीच मोजायला बसले. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. मधेच लक्षात आलं की ओठ हलतायत. इप्पत्तेळु, इप्पत्तेंटु, इप्पत्तोंबत्तु. खोकं रिकामं.

एक कमी होती. परत सगळ्या काढल्या आणि मराठीत मोजल्या.